गाडेवाडी, १ तास ४० मिनिटं

सकाळी सव्वासातला कोंडीराम फलके आपल्या सातव्या दगडापाशी पोचला, तेव्हा सातवा दगड जागेवर नव्हता. सहावा होता, पण पालथा. आठवा चाळीस पावलं डावीकडे दादासाहेबांच्या बांधाला टेकून बसला होता, चालून चालून दमल्यासारखा. नववा शोधायची कोंडीरामला इच्छाच उरली नाही. त्यानं हातातला रंगाचा डबा खाली ठेवला, टोपी काढून कपाळ पुसलं आणि समोरच्या मोकळ्या रानाला उद्देशून मोठ्यानं म्हणाला, "अरे, माणसं आहात का कोण आहात?"

रानात कुणी नव्हतं. पलीकडे महाळुंग्याच्या कंपन्यांचे पत्रे आत्ताच तापायला लागले होते. कुठल्याशा प्रेस शॉपमधून एकसारखा ठोका ऐकू येत होता. तो ठोका गेली तीस वर्षं या जमिनीखाली नाडीसारखा चालू होता.

दगड कोंडीरामचे होते. एकूण चौदा. प्रत्येकावर ऑइल पेंटचे तीन आडवे पट्टे, तांबडा, पांढरा, पुन्हा तांबडा. गावाच्या डांबरी रस्त्यापासून वाघजाईच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत सगळी काळी जमीन, तिथं खडक नाही, म्हणून त्यानं ओढ्यातले दगड आणून मांडले होते. पायथ्यापासून वर खडक सुरू होतो, तिथं पट्टे थेट खडकावर. ते वर खिंडीपर्यंत आणि खिंडीतून पलीकडे गाडेवाडीपर्यंत जात होते. गाडेवाडी हे त्याच्या बायकोचं, सारजाबाईचं माहेर. आता तिकडं जायचं तर चाकणच्या चौकातून वळसा घालून कंटेनरांच्या रांगेत दीड तास काढावा लागतो. पूर्वी माणसं खिंडीतून पायी जात. सारजाबाई नवरी म्हणून आली तीही या खिंडीतूनच, आणि उतारावर तिची नवी चप्पल तुटली म्हणून सासूची चप्पल घालून उंबऱ्याशी उभी राहिली. ही गोष्ट ती अजून सांगते, दर वेळी चप्पल थोडी अधिक महाग होते.

दगड रंगवायचं वेड कोंडीरामनं तिकडच्या खोऱ्यातून आणलं होतं.

कोंडीराम तिशीत होता तेव्हा घरची निम्मी जमीन औद्योगिक वसाहतीत गेली आणि बदल्यात त्याला एका कंपनीत हेल्परची नोकरी मिळाली. हेल्परचा फिटर झाला, फिटरचा टूलरूममधला जुना जाणता माणूस झाला. हाताला मायक्रॉनची जाण होती, तोंडाला फारशी नव्हती, म्हणून सुपरवायझर काही झाला नाही. अकरा वर्षांपूर्वी कंपनीनं ऑस्ट्रियातून पत्रा दाबायचे साचे, म्हणजे डाय, मागवले आणि ते शिकून यायला त्याला तिथल्या मूळ कारखान्यात पाठवलं, दहा आठवडे, ऐन उन्हाळ्यात. कारखाना डोंगरांच्या मधल्या एका लांबट खोऱ्यात होता. त्या खोऱ्याचं नाव कोंडीरामला शेवटपर्यंत धड उच्चारता आलं नाही. घरी तो नुसतं "तिकडचं खोरं" म्हणायचा.

पहिल्या रविवारी तिथल्या टूलरूमचा म्हातारा मास्टर आलोइस त्याला खोलीवरून घेऊन गेला. दोघांचंही इंग्रजी सारखंच मोडकं होतं, त्यामुळे त्यांचं छान जमलं. बसथांब्यावर एक पिवळी पाटी होती. तिच्यावर सात बाण, प्रत्येक बाणावर एक नाव आणि पुढं वेळ. दोन तास. पावणेतीन तास. चाळीस मिनिटं.

"किती किलोमीटर?" कोंडीरामनं विचारलं.

"पायाला किलोमीटर कळत नाहीत," आलोइस म्हणाला. "पायाला वेळ कळतो."

त्या दिवशी ते नदीकाठच्या सपाट वाटेनं गेले. बाबागाड्या ढकलणाऱ्या आया आणि काठ्या घेतलेली म्हातारी माणसं त्याच वाटेवर होती. पुढच्या रविवारी सुरूसारख्या उंच झाडांच्या रानातून वर, जिथं गळ्यात घंटा बांधलेल्या गाई चरत होत्या आणि लाकडी झोपडीत एक बाई ताक विकत होती. ताक बघून कोंडीरामला इतका आनंद झाला की तो तीन पेले प्यायला आणि मग अर्ध्या वाटेत त्याला दोनदा थांबावं लागलं. सोप्या वाटेला निळा ठिपका, मधल्या वाटेला तांबडा, अवघड वाटेला काळा. काळ्या ठिपक्याच्या वाटेनं ते एकदाच गेले. वर धार होती, धारेपलीकडे बर्फ, आणि त्या बर्फाकडे बघताना कोंडीरामला वाटलं की जगात इतकी रिकामी जागा असू शकते आणि तिच्यावर कुणाचा सातबारा नसतो.

सातबारा अर्थात असणारच होता. वाटा गवताच्या कुरणांतून जात, त्या कुरणांना कुंपण होतं, आणि वाट जिथं कुंपणाला भेटे तिथं एक लहान लाकडी फाटक. फाटक ढकललं की उघडे, सोडलं की आपोआप मिटे. आत गवत गुडघ्याइतकं आणि मधून एका पावलाइतकी रुंद वाट. कुणी वाट सोडून गवतात पाय ठेवत नव्हतं. एक शेतकरी उतारावर गवत कापत होता, त्यानं हात वर केला.

"ज्याची जमीन आहे तो काही म्हणत नाही?" कोंडीरामनं विचारलं.

आलोइसला प्रश्नच कळला नाही. कोंडीरामनं तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारून पाहिलं. शेवटी आलोइस म्हणाला, "वाट आहे. आधीपासून आहे. तो काय म्हणणार?"

प्रत्येक वाटेच्या टोकाला शिक्का ठेवलेला असे, तो आपल्या पुस्तिकेत मारून घ्यायचा. नऊ रविवारचे नऊ शिक्के झाले, तेव्हा गावच्या कार्यालयातल्या मुलीनं कोंडीरामला एक पत्र्याचा बिल्ला दिला आणि हात मिळवला. बिल्ला अजून टीव्हीवरच्या विणलेल्या रुमालाला टोचलेला आहे. सारजाबाई पाहुण्यांना तो दाखवून म्हणते, "नवरा दहा आठवडे फॉरेनला गेला आन एवढं घेऊन आला."

निवृत्तीनंतर दोन वर्षं कोंडीराम ओट्यावर बसून वाघजाईच्या डोंगराकडे बघत होता. गेल्या दिवाळीत त्यानं रंग आणला आणि वरच्या खडकांवर पट्टे मारायला सुरुवात केली. तोवर तो नुसता एका माणसाचा नाद होता. मग मार्चमध्ये पायथ्याच्या रानाला तारेचं कुंपण पडलं. तिथं मोठं गोदाम होणार होतं, आणि तारेच्या जागी आठ फुटांची भिंत. भिंत झाली की डोंगरावर चढायला तोंडच उरणार नव्हतं. कोंडीराम ग्रामपंचायतीत गेला, तलाठ्याकडे गेला, गोदामाच्या साइट इंजिनिअरकडे गेला. सगळ्यांचं उत्तर एकच. वहिवाट आहे हे दाखवा, चार फूट जागा सोडू. तलाठी मॅडम अठ्ठावीस मेला येऊन बघणार. त्यांना वाट दिसली तर वाट राहील, नाही दिसली तर भिंत.

म्हणून खालचे चौदा दगड. एका दगडापाशी उभं राहिलं की पुढचा दिसला पाहिजे, हा आलोइसचा नियम कोंडीरामनं काटेकोर पाळला. रस्त्याच्या कडेला पत्र्याची पिवळी पाटी लावली. घड्याळ लावून तो तीनदा चालला, गुडघ्याचा हिशेब धरला आणि पाटीवर लिहिलं: गाडेवाडी, १ तास ४० मिनिटं. दुसऱ्या दिवशी पाटीच्या वरच्या अर्ध्या भागावर "रूम भाड्याने मिळेल, फॅमिली अथवा बॅचलर" असा कागद चिकटलेला होता. खाली नुसती वेळ दिसत होती. रूम कुठं आहे हे विचारायला दोघं जण कोंडीरामच्या घरी येऊन गेले.

पण पाटीचं काय, ती एक तरी जागेवर होती. दगडांचं तसं नव्हतं. महाळुंग्यात रंगवलेला दगड म्हणजे मोजणीचा दगड, आणि मोजणीचा दगड म्हणजे रस्ता. गेल्या तीस वर्षांत या गावानं रंगवलेल्या दगडाचा तिसरा अर्थ पाहिलेला नव्हता. चार दिवसांत गावभर झालं की डोंगर फोडून रस्ता निघतोय आणि कोंडीरामला आतून कळलंय.

दादासाहेब हा त्याचा चुलतभाऊ, वयानं लहान, प्लॉटिंगच्या धंद्यातला. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तो बुलेटवरून सरळ ओट्यापर्यंत आला.

"तात्या, मला तरी खरं सांगा. किती मीटरचा?"

"काय किती मीटरचा?"

"रस्ता."

"अरे पायवाट हाय. एका मानसाची. एका पायाम्होरं दुसरा पाय."

"व्हय, व्हय." दादासाहेबानं डोळा मिचकावला. "सुरवातीला पायवाटच असती. फॉरेनला जाऊन आलेला मानूस उगं दगड रंगवत न्हाई."

"तिकडं असेच रंगवत्यात."

"आन मग झाला का न्हाई तिकडं रोड?"

"न्हाई झाला!"

"मग तिकडची येडी हायेत," दादासाहेब म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून आठवा, नववा आणि दहावा दगड त्याच्या बांधाकडे सरकायला लागले. प्लॉट रोड टच झाला पाहिजे. एवढ्या साध्या इच्छेपुढं आलोइसच्या नियमाचं काय चालणार?

नानासाहेबांचं उलटं. सत्तरी गाठलेला हा माणूस एकदा जमीन देऊन पस्तावलेला होता. त्यांच्या रानात पाचवा आणि सहावा दगड पडत होता.

"कोंड्या, माझ्या रानात सरकारी दगड ठेवलास तर बघ."

"सरकारी न्हाई नाना. माझा हाय."

"तुझा हाय तर माझ्या रानात कशाला?"

आलोइसला जो प्रश्न कळला नव्हता, तोच हा होता. मराठीतही कोंडीरामला त्याचं उत्तर माहीत नव्हतं.

आणि तिसरा दगड गिरजाबाईच्या गोठ्यामागं. म्हातारीनं पट्टे बघितले आणि दुसऱ्या दिवशी दगडाला हळदकुंकू लागलं, पुढं अर्धा नारळ.

"आक्का, ही वाटेची खूण हाय," कोंडीरामनं समजावून पाहिलं.

"मग वाटेवरचाच देव हाय की." म्हातारीनं उदबत्ती लावली. "तू रंग दे. नैवेद्याचं मी बघते."

तेव्हापासून चौदांपैकी एकटा तिसरा दगड कधीही हलला नाही.

कोंडीराम रोज सकाळी सात ते दहा या वेळात दगड परत जागेवर नेत राहिला. कमरेत लचक भरली. घरी येऊन तो चिडचिड करी, सारजाबाई भाकरी वाढता वाढता सांगू बघे, "अहो, मी काय म्हन्ते, त्या खिंडीतनं आपली स्नेहल…"

"स्नेहलचं नंतर सांग. पांढरा डबा कुठं ठेवला तेवढं सांग आधी."

"बाथरूममागं. अहो पन ती आन तिच्या कंपनीतल्या…"

"वाळला असंल मग तो. ऊन लागतं तिथं. कुनी ठेवला तिथं?"

"तुमीच," सारजाबाई म्हणे, आणि पुढची भाकरी वाढे.

अठ्ठावीस तारखेला कोंडीराम पहाटेच्या गारव्यात उठला. तिसरा सोडून बाकीचे तेरा दगड शोधून जागेवर नेले, पट्ट्यांवर ओलं फडकं मारलं. तलाठी मॅडम अकराला येणार होत्या. दहापासून तो तारेजवळच्या बाभळीखाली उभा राहिला. साडेअकराला फोन केला, मॅडम तहसीलला होत्या. साडेबाराला फोन केला, मॅडम जेवत होत्या. सारजाबाई त्याच दिवशी भावाकडे कुरडया करायला जाणार होती. "मी येऊन तुला बसमध्ये बसवतो" असं त्यानं सांगून ठेवलं होतं. एक वाजता तो घाईघाईनं घरी गेला तर ती एकटीच बससाठी निघून गेलेली, ताट झाकून ठेवलेलं. दोन घास खाऊन तो दोनला परत आला, आणि त्या एका तासात चौदातले तेरा दगड दादासाहेबांच्या बांधाला समांतर, शिस्तीत, एका रेषेत लागलेले होते.

दादासाहेब स्वतः तिथं उभा होता, हात पुसत.

"तात्या, मॅडमला नीट दिसावं म्हनून सरळ लावले," तो म्हणाला. आवाजात खरोखरच उपकाराची भावना होती.

कोंडीरामनं एक दगड उचलला, कंबर ओरडली, दगड खाली ठेवला. "दादा," तो म्हणाला, "तू माझा भाऊ नसतास ना…"

"भाऊ हाय म्हनूनच केलं."

तलाठी मॅडम आल्या तेव्हा पावणेचार झाले होते. वर्षाराणी तिचं नाव, तिशीची, स्कूटीवरून आलेली, तोंडाला ओढणी घट्ट गुंडाळलेली. ओढणी सोडल्यावर कळलं की तीही सकाळपासून वैतागलेली आहे. गोदामाचा साइट इंजिनिअर गणराज हेल्मेट काखेत धरून आला. तो लातूरकडचा, आवाज मोठा, मनानं बरा. नानासाहेब आले, आणि कुठून कुठून आणखी सात-आठ जण, सगळे गाड्यांवर.

"काका, मला काय अडचण नाय बगा," गणराज म्हणाला. "चार फूट सोडा म्हनले तर सोडतो. पन कुटं सोडायचं ते तर सांगा. ही तर नुसती रांग लावलीय की दगडांची."

"तिथं नव्हते ते," कोंडीराम म्हणाला. "वाट हिथनं जाती. वाघजाईच्या पायरीपासनं त्या पिंपळापतुर."

"पिंपळ कुठंय?"

"पाडला. पन होता."

"वाट माझ्या बांधानंच होती, मॅडम, पूर्वापार," दादासाहेब म्हणाला.

"कुठली वाट? वाटच नव्हती कदी," नानासाहेब ओरडले. मग चौघं एकदम बोलायला लागले, त्यातला एक तर शेजारच्या कुरुळीचा होता आणि त्याचा या रानाशी काडीचा संबंध नव्हता.

"थांबा!" वर्षाराणीनं वही बोनेटवर आपटावी तशी स्कूटीच्या सीटवर आपटली. "दगडांचं मला काही सांगू नका. वहिवाट म्हणजे दगड नव्हे, चालणारी माणसं. कोण चालतं इथून? नावं सांगा, लिहून घेते."

कुणीतरी उगाच गाडीचा आरसा सरळ केला.

"मी चालतो," कोंडीराम म्हणाला.

"किती वेळा?"

"आठवड्यातनं चार-पाच येळा."

"कशासाठी?"

कोंडीरामनं डोंगराकडे पाहिलं. "रंगवायला," तो म्हणाला.

मागे कोण तरी हसलं. कोंडीरामला राग आला, पण राग कुणावर काढावा ते त्याला सापडेना. खरंच होतं. सहा महिन्यांत तो या वाटेनं कुठंही गेला नव्हता. गाडेवाडीला पोचून, तिथल्या पहिल्या घराचं कौल दिसलं की घड्याळ बघून तो परत फिरत असे. मेलेल्या माणसाचा फोटो रोज पुसावा तसा तो ही वाट पुसत होता, आणि लोकांना सांगत होता की माणूस घरात आहे.

"मग मी काय लिहू?" वर्षाराणी म्हणाली, आता जरा हळू आवाजात.

तेवढ्यात रस्त्याच्या बाजूनं सात-आठ बायका आल्या. पाठीला सॅक, हातात डब्याच्या पिशव्या, अंगात कंपनीचे निळे ॲप्रन, काहींनी ते काढून डोक्यावर घेतलेले. गर्दीकडे एकदा बघून त्या थांबल्या नाहीत, ओढ्याच्या अंगाला वळल्या, बाभळींच्या मागं गेल्या, आणि दोनशे पावलांवर तारेपाशी पुन्हा दिसल्या. तिथं वरची तार सुतळीनं उंच बांधलेली होती. एकेक जण वाकून आत गेली. सर्वांत शेवटी एक बाई हिरवी साडी गुडघ्यापर्यंत उचलून, डोक्यावर कुरडयांच्या गव्हाच्या चिकाचा डबा सांभाळत वाकायला लागली.

ती सारजाबाई होती.

"ह्या कोण?" वर्षाराणीनं विचारलं.

"ह्या व्हय? ह्या रोजच्याच की," गणराज म्हणाला. "सकाळी साडेसहाला येतेत, चारला जातेत. डोंगरापलीकडच्या हायेत, हितं पॅकिंगला. साडी अडकती म्हनून आमच्या वॉचमननंच तार वर बांधून दिलीय."

"रोज?"

"रविवार सोडून."

"अहो मग हे मला आधी का नाही सांगितलं?"

गणराजला खरंच नवल वाटलं. "मॅडम, तुमी वाट विचारली. हा तर बायकांचा शॉर्टकट हाय."

कोंडीराम धावत तारेपाशी गेला. धावणं म्हणजे कंबर धरून जितकं धावता येतं तितकं. "अगं ए! तू कुठं निघालीस?"

"गाडेवाडीला," सारजाबाई तारेपलीकडून म्हणाली. "सकाळीच सांगितलं की."

"बसनं जानार हुतीस ना?"

"बसची वाट बघून बघून पोरींच्या कंपनीच्या गेटवर जाऊन बसले. त्यांची सुट्टी झाली, निघाले."

तिच्या शेजारी तिची भाची स्नेहल उभी होती, बावीस वर्षांची, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. "मामा, तुमी दगडांच्या वाटेनं जाता का काय?" ती म्हणाली. "तिकडं राडारोडा टाकलाय समदा. पावसात गुडघाभर चिखल. मागल्या वर्सापासनं आमी ओढ्यानंच येतो. सावली पन हाय."

"पन खरी वाट ती हाय," कोंडीराम म्हणाला.

"आसंल," स्नेहल म्हणाली.

तो बायकोकडे वळला. "तू मला सांगितलं का न्हाईस?"

"तीनदा सांगितलं. तिन्ही येळा तुमी पांढरा डबा हुडकत होता."

वर्षाराणी तोवर ओढ्यापाशी पोचली होती. तिनं खाली बघितलं. ओढ्याच्या काठानं, बाभळीच्या मुळांमधून, एका पावलाइतकी रुंद पांढुरकी रेघ गेली होती, घट्ट, गुळगुळीत, दोन्ही बाजूंचं गवत तसंच उभं. कोंडीरामनंही पाहिलं. अशी रेघ त्यानं शेवटची कुठं पाहिली होती ते त्याला आठवलं आणि तो आणखी चिडला. दोन महिने तो तिच्यापासून दोनशे पावलांवर दगड उचलत होता. त्या पहाटे जायच्या, तो सातला यायचा. त्या चारला परतायच्या, तेव्हा तो ओट्यावर झोपलेला असायचा.

वर्षाराणीनं बायकांची नावं लिहून घेतली, सारजाबाईचं सुद्धा. ओढ्याच्या काठी चार फूट सोडायचं ठरलं. गणराजनं तिथंच चुन्याच्या दोन रेघा मारल्या. दादासाहेबानं त्या रेघांपासून आपला प्लॉट किती लांब आहे याचा नजरेनं अंदाज घेतला आणि गाडीला किक मारली. नानासाहेब म्हणाले, "मी म्हनलंच होतं, तिथं वाट नव्हती," आणि तेही गेले. मोकळ्या रानात कोंडीराम आणि एका रेषेत लावलेले तेरा दगड उरले. वाट वाचली होती. त्याची नव्हे, पण वाचली होती. यावर खूश व्हायचं असतं हे त्याला समजत होतं, जमत नव्हतं.

"येताय का?" तारेपलीकडून सारजाबाईनं विचारलं. "का दगडांपाशी बसताय?"

तो वाकून आत गेला. सदरा तारेला अडकून टरकला. वॉचमननं फक्त साडीचा विचार केला होता.

बायका भराभर चढायला लागल्या. "सुरवातीला हळू चालायचं असतं," कोंडीराम धापा टाकत म्हणाला. "पयला अर्धा तास एकदम हळू. तिकडच्या खोऱ्यात…"

"मामा, घरी भाकरी कोन थापनार, तिकडचं खोरं?" स्नेहल वरून म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. सारजाबाई सर्वांत मोठ्यानं.

पाऊण चढावर ओढ्याची वाट कोंडीरामच्या पट्ट्यांना येऊन मिळाली. खडकावर तांबडा, पांढरा, तांबडा.

"हे तुमी काढलं व्हय?" ॲप्रन डोक्यावर घेतलेली एक बाई म्हणाली. "आमाला वाटलं लाइटवाल्यांचं हाय. थंडीत सकाळी काळोख असतो ना, तवा मोबाइलच्या उजेडात बरं पडतं."

कोंडीराम थांबला. छाती जरा भरून आली, चढामुळेही असेल.

"पांढरंच दिसतं पन," ती बाई पुढं म्हणाली. "तांबडं काय दिसत न्हाई. तांबडं कशाला वाया घालवलं?"

खिंडीत त्याची दुसरी पिवळी पाटी होती. एका बाजूला महाळुंगे, ४५ मिनिटं. दुसऱ्या बाजूला गाडेवाडी, ५५ मिनिटं. स्नेहलनं ती मोठ्यानं वाचली.

"पंचेचाळीस? मामा, सकाळी मी हिथनं वीस मिनिटांत खाली असते. सातला मशीनवर थंब लागला न्हाई तर अर्धा दिवस कापत्यात. सगळं धरून तास लागतो, जास्त न्हाई."

"पाटी नव्या मानसासाठी असती," कोंडीराम म्हणाला. "ज्याला वाट म्हाईत न्हाई त्याच्यासाठी."

"नवं मानूस येतंय कोन हिकडं?"

वारा सुटला होता. खाली एका बाजूला पत्र्यांचा पांढरा पसारा चमकत होता, दुसऱ्या बाजूला गाडेवाडीची कौलं. दोन्हीकडे बघत तो बराच वेळ उभा राहिला. बायका तोवर उतरून गेल्या होत्या. सारजाबाई मात्र पाटीला टेकून चप्पल झटकत होती. "चला आता," ती म्हणाली, "चीक नासंल."

त्या दिवशी, सहा महिन्यांत पहिल्यांदा, तो गाडेवाडीत पोचून घरात गेला. मेव्हण्यानं पाणी दिलं आणि विचारलं, "दाजी, रस्ता किती मीटरचा होनार म्हने?"

जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कोंडीरामनं तेरा दगड एकेक करून ओढ्याच्या वाटेवर नेले. तिसरा गिरजाबाईनं नेऊ दिला नाही. तो कुठंही न जाणाऱ्या वाटेवर नारळ खात एकटा बसून आहे. रस्त्याकडच्या पाटीवरचा भाड्याच्या खोलीचा कागद खरवडून कोंडीरामनं जुन्या ओळीखाली लहान अक्षरात नवी ओळ लिहिली: पहिल्या शिफ्टच्या बायका, १ तास. वरची ओळ खोडायची त्याची तयारी नव्हती. आकडा तीनदा मोजलेला होता.

सोमवारी सकाळी तो साडेसहाला, मुद्दाम लवकर, ओढ्यापाशी आला, तर नवा चौथा दगड जागेवर नव्हता. डोक्यात सणक गेली. आता इथं कुणाचा बांध? कुणाचा प्लॉट? डबा घेऊनच तो काठाकाठानं शोधत गेला. त्या ओढ्यात बारा महिने कुठल्यातरी कंपनीचं पाणी वाहतं. जिथं वाट ते पाणी ओलांडते, तिथं मधोमध दगड पडला होता, पट्टे खाली, सपाट बाजू वर. वर ओल्या चपलांचे ताजे ठसे. पलीकडच्या काठावरून बायकांचे आवाज गेटच्या दिशेनं लांब जात होते.

"अरे, माणसं आहात का…" कोंडीरामनं सुरुवात केली आणि वाक्य तसंच सोडलं. एक पट्टा तरी वर ठेवायचा होता. निदान पांढरा. त्यानं डबा काखेत मारला, धोतराचा सोगा खोचला आणि पाण्यातल्या दगडावर पाय ठेवला. सगळा भार टाकून पाहिला.

दगड हलला नाही.

"बसवलाय नीट," तो नाराजीनं म्हणाला, आणि पलीकडे गेला.